सिलॅबस एका पानाचा, पुस्तकं मात्र पाच: नेमकं वाचू काय?

पत्र थोडक्यात: सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातून हे पत्र आलंय. लिहिणारी मुलगी आत्ताच बारावी कॉमर्सला गेलीये, दहावीपर्यंत मराठी मीडियम, घरात किंवा नात्यात कोणी वकील नाही. बारावीनंतरचं पाच वर्षांचं लॉ करायचंय. महाराष्ट्राच्या लॉ सीईटीचा सिलॅबस काढून बघितला तर त्यात विषयांची पाच नावं आणि पुढे मार्क, बाकी काहीच नाही. पुण्याच्या एका क्लासने मात्र पाच जाडजूड पुस्तकं दाखवली आणि फी ऐकून बाबा गप्पच झाले. मैत्रीण म्हणते सीईटी सोड, क्लॅट (नॅशनल लॉ युनिव्हर्सिट्यांची प्रवेश परीक्षा) दे. दरम्यान तिने मामेभावाकडची जुनी गाईड आणून दंड संहितेची कलमं पाठ करायला घेतलीत, पण पुढची पाठ होईपर्यंत मागची विसरतात. इंग्रजीची भीती आहेच. शेवटी विचारलंय, "ताई, नक्की किती वाचलं म्हणजे सिलॅबस पूर्ण झाला असं धरायचं?"

---

तुझा शेवटचा प्रश्न आधी घेते कारण बाकी सगळा गोंधळ त्यातूनच सुरू झालाय. हा सिलॅबस पूर्ण होत नाही. तुझाच काय कुणाचाच होत नाही, जी मुलं मुंबईच्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजला किंवा पुण्याच्या आयएलएसला लागतात त्यांचाही झालेला नसतो. बोर्डात अकाउंटन्सीचा सिलॅबस म्हणजे धड्यांची यादी, यातलंच विचारणार, बाहेरचं विचारलं तर पेपरात बातमी येते. तीच सवय घेऊन तू सीईटीचं पान उघडलंस आणि धडे शोधायला लागलीस. तिथे धडे नाहीतच. 'लीगल ॲप्टिट्यूड आणि लीगल रीझनिंग' हे धड्याचं नाव नाही, तुला काय करता यायला पाहिजे त्याचं नाव आहे. त्यामुळे सिलॅबसचं पान एका हातात आणि मागच्या वर्षांचे पेपर दुसऱ्या हातात असं धरल्याशिवाय ते पान कळणारच नाही.

आधी ती कलमांची पाठांतराची वही बंद कर, आजच. ज्या दंड संहितेची कलमं तू पाठ करतेयस तो १८६० चा कायदा १ जुलै २०२४ पासून गेला, त्याच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. खुनाच्या शिक्षेचं ३०२ आता १०३ झालंय आणि आपण सगळे बोलण्यात वापरतो ते चारसोबीस आता ३१८ मध्ये गेलंय. फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुराव्याचा कायदा यांचंही तेच झालं, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम आले. मामेभावाची गाईड त्याच्या वेळी बरोबर असेल, आता ती तुला चुकीची उत्तरं शिकवतेय. कुठलंही पुस्तक घेताना पहिल्यांदा हे तीन नवे कायदे त्यात आहेत का ते बघ, नसतील तर दुकानदार अर्ध्या किमतीत देत असला तरी घेऊ नकोस. आणि पुस्तक नवं असलं तरी कलमांचे आकडे ओळीने पाठ करून फार काही हाताला लागत नाही, तो प्रकार परीक्षेत थोडाच येतो.

आता मार्कांकडे बघ, सिलॅबसच्या पानावर खरी माहिती तिथेच आहे आणि बहुतेक जण तीच सोडून नावं वाचत बसतात. पाच वर्षांच्या कोर्सची सीईटी आधी १५० प्रश्नांची होती, २०२४ पासून १२० ची झाली, वेळ दोन तासच. त्यात लीगल ३२, जनरल नॉलेज आणि चालू घडामोडी २४, लॉजिकल आणि ॲनालिटिकल रीझनिंग ३२, इंग्रजी २४, आणि गणित ८. लीगल आणि लॉजिकल मिळून ६४, म्हणजे अर्ध्याहून जास्त पेपर दोनच विभागांचा. गणित आठच मार्कांचं, आणि तू पत्रात लिहिलंयस की रोज दीड तास गणिताला देतेयस कारण ते येतं म्हणून बरं वाटतं! बरं वाटणारा विषय आधी काढून बसायची सवय सगळ्यांनाच असते, पण टक्केवारी, नफा-तोटा, सरासरी, काळ-काम एवढं दहावीच्या पातळीचं नीट असेल तर आठवड्यातून एक तास पुरे.

लीगलचे ३२ बघून सगळ्यात जास्त मुलं घाबरतात आणि तिथेच सगळ्यात जास्त गैरसमज आहे, म्हणून त्यावर जरा थांबते. एक प्रश्न घे, मीच बनवलाय पण परीक्षेत येतो तो याच घडणीचा.

नियम असा दिलाय: धोका माहीत असून जो माणूस स्वखुशीने तो पत्करतो, त्याला त्या धोक्यामुळे झालेल्या इजेची नुकसानभरपाई मागता येत नाही. आणि घटना अशी: क्ष तिकीट काढून बैलगाडा शर्यत बघायला गेला. आयोजकांनी प्रेक्षकांसाठी बांबूची गॅलरी बांधली होती, तिचे दोर कुजलेले होते. शर्यत चालू असताना गॅलरी कोसळली आणि क्षचा पाय मोडला. आयोजक म्हणतात, शर्यत धोक्याची असते हे याला माहीत होतं, हा आपल्या पायाने आला. क्षला भरपाई मिळेल का?

घाईत वाचणारा म्हणतो नाही मिळणार, स्वखुशीने आला ना. आता नियमातले शब्द परत बघ, 'त्या धोक्यामुळे'. क्षने पत्करलेला धोका कुठला होता? बैल उधळू शकतो, धूळ-खडे अंगावर येऊ शकतात, हा. गॅलरीचे दोर कुजलेत हे त्याला माहीतच नव्हतं आणि तो धोका त्याने पत्करलेलाही नव्हता. म्हणजे नियम लागू होत नाही, भरपाई मिळेल. आता घटना थोडी बदल, लाऊडस्पीकरवरून दहा वेळा सांगूनही क्ष बांधलेला दोर ओलांडून मोबाईलवर शूटिंग करायला घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, उतरला आणि बैलाने उडवला. आता उत्तर उलटं. नियम तोच आहे, घटनेतली एक ओळ बदलली. (प्रत्यक्षात गावात काय झालं असतं ते आपल्याला माहितीये, आयोजकांनी दवाखान्याचा खर्च देऊन चहावर मिटवलं असतं, पण पेपरात ते विचारत नाहीत.)

हे सोडवायला तुला एकही कलम लागलं नाही. नियमातला कुठला शब्द वजनदार आहे आणि घटनेतली कुठली ओळ त्या शब्दाला जाऊन भिडते एवढंच बघायचं होतं. स्वतःचं मत, दया, घरी ऐकलेलं, सगळं बाजूला ठेवून दिलेल्या नियमाला धरून राहायचं. हे पाठ होत नाही, रोज दहा-पंधरा प्रश्न करून हाताला बसतं. आणि चुकलेल्या प्रश्नात नुसतं बरोबर उत्तर बघून पुढे जाऊ नकोस, नियमातला आपण न वाचलेला शब्द कुठला ते पेन्सिलने गोल कर. पंधरा दिवसांनी वही चाळलीस की तुझ्याच लक्षात येईल की आपण 'आणि', 'किंवा', 'फक्त', 'वाजवी' असलेच शब्द खातोय.

लीगलचा दुसरा भाग माहितीचा आहे हे खरं, सीईटीत तो येतो. पण त्याला मर्यादा आहेत. संविधान कधी स्वीकारलं कधी लागू झालं, उद्देशिका, भाग तीनमधले मूलभूत हक्क, मार्गदर्शक तत्त्वं, मूलभूत कर्तव्यं, राष्ट्रपती-राज्यपाल-संसद, सुप्रीम कोर्ट आणि हायकोर्ट, रिटचे (हक्क डावलले तर कोर्ट देतं त्या आदेशांचे) पाच प्रकार, मोठ्या घटनादुरुस्त्या, केशवानंद भारतीसारखे थोडे गाजलेले निकाल. त्याच्या जोडीला करार, अपकृत्य (दुसऱ्याचं नुकसान करणारं वागणं, ज्याची भरपाई मागता येते) आणि गुन्हे यातल्या मूळ कल्पना, आणि लॅटिनमधली वीसेक सूत्रं. अकरावीचं राज्यशास्त्राचं एनसीईआरटीचं पुस्तक आणि संविधानाची मराठी प्रत एवढ्यावर निम्म्याहून जास्त काम होतं. कॉमर्सवाली असल्यामुळे प्रस्ताव, स्वीकृती, प्रतिफल हे शब्द तुझ्या कानावरून गेलेही असतील.

जीकेच्या २४ मार्कांना खरंच तळ नाही, तिथे तुझी भीती योग्य आहे. पण तिथेही लोक चालू घडामोडी एका वहीत आणि स्टॅटिक, म्हणजे न बदलणारी माहिती, दुसऱ्या वहीत लिहितात आणि दोन्ही विसरतात. बातमीवरूनच मागे जायचं. उदाहरण तुझ्याच जिल्ह्याशी संबंधित देते: १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी. या एका बातमीला धरून वहीत काय काय येतं बघ. हायकोर्टाची आधीची खंडपीठं कुठे (नागपूर, छत्रपती संभाजीनगर, गोवा), प्रत्येक राज्यासाठी हायकोर्ट असं सांगणारं संविधानाचं कलम २१४, हायकोर्टाचा रिटचा अधिकार २२६ मध्ये आणि सुप्रीम कोर्टाचा ३२ मध्ये, हायकोर्टाचे न्यायाधीश ६२ व्या वर्षी निवृत्त होतात आणि सुप्रीम कोर्टाचे ६५ व्या, उद्घाटनाच्या वेळी सरन्यायाधीश होते अमरावतीचे भूषण गवई, त्यांच्यानंतर नोव्हेंबर २०२५ मध्ये सूर्य कांत आले. एक पान, एक बातमी, आणि ही कलमं आता विसरायची म्हटलं तरी विसरणार नाहीत.

वरच्या बैलगाड्याचंही असंच. सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये बैलांच्या शर्यतींवर आणि जल्लीकट्टूवर बंदी घातली, मग राज्यांनी कायद्यात दुरुस्त्या केल्या, आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्राच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. मूळ कायदा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा, १९६० चा. प्राणिमात्रांबद्दल दया बाळगणं हे मूलभूत कर्तव्य, कलम ५१क मध्ये, आणि तो कर्तव्यांचा भाग आला १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने. म्हणजे एकाच विषयावर जीकेत तारीख विचारता येते, लीगलमध्ये कलम विचारता येतं, रीझनिंगमध्ये गॅलरी पाडता येते. तू विभाग वेगवेगळे धरून पाच पुस्तकं लावायला निघालीस म्हणून ओझं वाटतंय.

लॉजिकलबद्दल एक गोष्ट क्लासवाले सांगत नाहीत. सीईटीतलं लॉजिकल म्हणजे बऱ्याच अंशी आपली बुद्धिमत्ता चाचणी, जी तू स्कॉलरशिपला सोडवली होतीस आणि तुमच्या गावातली पोलीस भरतीची मुलं रोज सोडवतात. संख्यामालिका, नातेसंबंध, दिशा, सांकेतिक भाषा, बैठक व्यवस्था, विधान-अनुमान. त्याची मराठीतली पुस्तकं तालुक्याच्या स्टँडसमोरच्या दुकानात मिळतात आणि एखाद्या भरतीच्या अकॅडमीत संध्याकाळी एक तास बसलीस तर पुण्याच्या क्लासच्या फीशी तुलनाच नाही. ३२ मार्क आहेत यात आणि सरावाने सगळ्यात लवकर वाढणारेही हेच.

इंग्रजीचे २४. बाकीचे विभाग सीईटीत मराठीतही वाचता येतात, त्यामुळे इंग्रजी येत नाही म्हणून लॉ नाही हे तुझ्या मनातलं गृहीतक निदान या परीक्षेपुरतं खोटं आहे. तरी दोन्ही भाषांतले शब्द जोडीने शिक, अब्रुनुकसानी म्हणजे डिफमेशन, निष्काळजीपणा म्हणजे नेग्लिजन्स, अपकृत्य म्हणजे टॉर्ट, कारण मराठी प्रश्नातलं वाक्य कधी इतकं जड असतं की इंग्रजीकडे नजर टाकली तर पटकन कळतं. समानार्थी-विरुद्धार्थी शब्द, रिकाम्या जागा, वाक्यातली चूक, उतारा एवढाच आवाका आहे. रोज एक बातमी आधी मराठी पेपरात वाच आणि मग तीच इंग्रजीत, अर्थ आधीच माहीत असल्यामुळे डिक्शनरी कमी लागते. पुढे कॉलेजात इंग्रजी लागणार आहे, ते नाकारत नाही, पण त्याला पाच वर्षं आहेत.

आता मैत्रिणीचं क्लॅट. ती चूक सांगत नाहीये, फक्त दोन्ही परीक्षा सारख्याच आहेत असं धरून सांगतेय. क्लॅटने नॅशनल लॉ युनिव्हर्सिट्या मिळतात, आपल्याकडे मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशा तीन. सीईटीने राज्यातली बाकीची लॉ कॉलेजं मिळतात. क्लॅटही १२० प्रश्न आणि दोन तास, पण पेपर फक्त इंग्रजीत, चुकीच्या उत्तराला पाव मार्क कापतात, आणि २०२० पासून जवळजवळ सगळं उताऱ्यांवर आहे, साडेचारशे शब्दांच्या आसपास उतारा आणि त्याखाली प्रश्न, जीकेसुद्धा तसंच. तिथलं लॉजिकल म्हणजे दिशा आणि नाती नाही, कुणीतरी मांडलेल्या युक्तिवादात गृहीत काय धरलंय आणि कुठलं वाक्य त्याला कमजोर करतं, ते. शिवाय ती डिसेंबरच्या सुरुवातीला असते, म्हणजे तुझ्या बोर्डाच्या आधी, आणि फॉर्मचीच फी २०२५ मध्ये ओपनला ४००० रुपये होती. कॉलेजची फीही बघ, नॅशनल लॉ युनिव्हर्सिटीत वर्षाला लाखांत जाते, सरकारी लॉ कॉलेजात काही हजारांत भागतं.

माझं मत विचारशील तर तुझी मुख्य परीक्षा सीईटी. क्लॅटच्या मागच्या वर्षांचे पेपर ती परीक्षा घेणाऱ्या कन्सॉर्टियमच्या साईटवर फुकट आहेत, त्यातला एक घड्याळ लावून सोडव. उतारे वाचून होत असतील, म्हणजे उत्तरं चुकली तरी चालेल पण दोन तासांत सगळ्या उताऱ्यांपर्यंत पोचलीस, तर फॉर्म भर. निम्म्यातच वेळ संपला तर यावर्षी तो खर्च आणि ताण घेऊ नकोस असं मला वाटतं. मात्र उलट बाजूही आहे, क्लॅटसाठी वाचलेले उतारे सीईटीच्या इंग्रजीला आणि लीगलला उपयोगी पडतातच, सीईटीची तयारी क्लॅटला तेवढी पडत नाही. त्यामुळे ज्यांचं इंग्रजी वाचन आधीपासून बरं आहे अशा वाचकांनी क्लॅटला धरून अभ्यास करावा आणि शेवटच्या दोन-तीन महिन्यांत सीईटीची माहितीवाली बाजू भरून काढावी. सिम्बायोसिसची स्लॅट, दिल्लीची आयलेट यांचे पॅटर्न आणखी वेगळे, आयलेटमध्ये १५० पैकी ७० प्रश्न एकट्या लॉजिकलचे. सगळ्यांचे फॉर्म भरून ठेवायचे आणि एकाचाही पेपर आधी बघायचा नाही हा प्रकार फार चालतो.

बाबांचं गप्प होणं मला समजतं, आणि ते चुकीचे आहेत असं मी म्हणणार नाही. क्लासने मिळतं काय, तर वेळापत्रक, टेस्ट आणि सोबत. समजून घेणं तुझं तुलाच करावं लागतं. म्हणून क्लासचा वाद चालू ठेवण्याआधी घरी सीईटीचे दोन जुने पेपर दोन रविवारी सोडव, दुपारी दोन ते चार, मोबाईल आईकडे. तपासताना चुका तीन ढिगांत टाक: माहितीच नव्हती, माहीत होतं पण प्रश्न नीट वाचला नाही, वेळ पुरला नाही. मग तो कागद बाबांसमोर ठेव. पहिला ढीग मोठा असेल तर पुस्तक आणि पेपर वाचून तो कमी होतो, क्लास लागत नाही. दुसरा मोठा असेल तर सराव. तिसरा मोठा असेल तर टेस्ट सिरीज घ्यावी लागेल, ती ऑनलाईन मिळते आणि क्लासच्या मानाने बरीच स्वस्त पडते. आणि हे करूनही स्वतःहून बसणं जमत नाही, दोन महिने वाया गेले असं दिसलं तर क्लासला जा, त्यात कमीपणा नाही, पण तेव्हा तू कशासाठी पैसे देतेयस ते घरात सगळ्यांना माहीत असेल.

पेपर सोडवताना एक नियम, सीईटीत निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही, शेवटची पाच मिनिटं उरलेल्यांवर खुणा करायला ठेवायची. क्लॅटला हे करायचं नाही. जुन्या पेपरांत १५० प्रश्नांचे पेपर भरपूर सापडतील, ते सोडवताना विभागांचं वजन थोडं वेगळं दिसेल, गोंधळू नकोस.

ग्रॅज्युएशननंतरच्या तीन वर्षांच्या लॉची तयारी करणाऱ्यांचीही याच धर्तीची पत्रं येतात. त्यांच्या सीईटीत गणित नाही आणि इंग्रजीला लीगलपेक्षा जास्त मार्क आहेत, तेव्हा वरचा मार्कांचा हिशोब जसाच्या तसा लावू नका, आपापल्या कोर्सची माहिती पुस्तिका उघडा. आणि तुलाही, समजा यंदा हवं ते कॉलेज नाही मिळालं, बी.कॉम. करून तीन वर्षांचं लॉ हा तितकाच सरळ रस्ता आहे. वकिलीची सनद दोन्ही रस्त्यांनी सारखीच मिळते.

बारावीला ओपनमधून किमान ४५ टक्के लागतात, एससी-एसटीला ४०, तेव्हा सीईटीच्या नादात अकाउंटन्सी टाकून देऊ नकोस. क्लॅटचा फॉर्म साधारण जुलै-ऑगस्टमध्ये निघतो, सीईटीचा त्यानंतर. सीईटी सेलच्या साईटवर यावर्षीची माहिती पुस्तिका आली की मार्कांचं पान काढून वर मी दिलेल्या आकड्यांशी ताडून बघ, बदल असेल तर पुस्तिकेचं खरं धर. तोवर या रविवारी पहिला पेपर. कागद कसा झाला ते कळव, विशेषतः दुसरा ढीग किती मोठा निघाला ते.